फूटबोर्डावरचं रबर

१९३० च्या दशकातली मोटार समोर आली की बघणाऱ्याची नजर आधी दिव्यांवर जाते, मग पुढच्या जाळीवर, मग मडगार्डच्या गोलाईवर. पुढचं आणि मागचं मडगार्ड जोडत दाराखालून गेलेल्या लांब पायरीकडे, म्हणजे फूटबोर्डाकडे, फारसं कोणी बघत नाही. मी मात्र बॉनेट उघडायच्या आधी खाली वाकतो आणि फूटबोर्डावरच्या रबरावर अंगठा दाबतो. रबर पत्र्याला घट्ट धरून असेल तर गाडी नीट सांभाळलेली आहे असं समजायला हरकत नाही. खालून कुरकुर ऐकू आली किंवा अंगठ्याखाली फुगवटा जाणवला, तर पत्रा आतून खाल्ला गेलाय. तेवढ्यावरून दारांचे तळ आणि चासीच्या आडव्या पट्ट्या तपासायला घ्याव्यात, कारण पाण्याने तिथेही वाट काढलेली असते.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात जुनी गाडी सांभाळणाऱ्यांना इंजिनापेक्षा जास्त झुंजावं लागतं ते पाण्याशी. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला उल्हास नदी, आणि चार महिने न सुकणारी हवा. पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट यांची तजवीज कुठे ना कुठे होते. फूटबोर्डावरचं फाटकं रबर मात्र ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातं आणि तेवढ्या काळात त्याच्याखालचा पत्रा जातो. म्हणून या प्रकरणात रबराइतकंच पाण्याबद्दलही लिहिणार आहे.

फूटबोर्ड आला तो गरजेपोटी. चासी उंच, चाकं मोठी, रस्ते खडीचे नाहीतर मातीचे. जमिनीवरून थेट गाडीत पाय टाकणं नऊवारीतल्या बाईला किंवा धोतरातल्या माणसाला शक्य नव्हतं. पायरी लागायचीच, आणि ती मडगार्डांच्या मधोमध लांबवर नेली की चाकांनी उडवलेला चिखलही दारावर कमी यायचा. मग त्या जागेचे आणखी उपयोग सापडले. कुठे हत्यारांची पेटी तिथे बसवली, कुठे जास्तीच्या पेट्रोलचा डबा, कुठे घडीचा लोखंडी कठडा लावून सामान. पुढे गाड्यांची अंगं रुंद झाली, तळ खाली आला आणि पायरीचं काम संपलं. सित्रोएनच्या १९३४ च्या त्राक्सियों आव्हांला फूटबोर्ड नव्हताच. मॉरिस एटच्या सुरुवातीच्या गाड्यांना तो ठसठशीत होता, १९३८ च्या सीरीज ईमध्ये जवळजवळ नाहीसा झाला. त्याच साली कॅडिलॅकच्या सिक्स्टी स्पेशलनेही त्याला निरोप दिला. फोक्सवॅगनच्या बीटलने मात्र तो अखेरपर्यंत सोडला नाही. मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून शेवटची जुनी बीटल ३० जुलै २००३ रोजी बाहेर पडली, तीही फूटबोर्डासकट.

आपल्या भागात या गाड्या आल्या त्या बहुतेक मुंबईमार्गे. जनरल मोटर्सने शिवडीला भारतातला पहिला जुळणी कारखाना काढला आणि ४ डिसेंबर १९२८ रोजी तिथून पहिली शेवरोले बाहेर पडली. हे काम १९५४ मध्ये थांबलं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ मध्ये कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्या जुळवायला सुरुवात केली. डोंबिवलीकरांना प्रीमियर आठवते ती कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कारखान्यामुळे. नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ तिथे तयार होत होती. अर्थात तोवर, बीटलचा अपवाद सोडला तर, फूटबोर्ड इतिहासजमा होऊन अर्धशतक उलटलं होतं. म्हणजे ज्याच्याकडे प्रीमियरची फियाट किंवा पद्मिनी आहे त्याला ही डोकेदुखी नाही. ती आहे फोर्ड, शेवरोले, ऑस्टिन, मॉरिस अशा दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांच्या आणि बीटलच्या मालकांना.

रबर बदलायला घेण्यापूर्वी आपल्या गाडीला मुळात कसला फूटबोर्ड होता हे नक्की करावं. सुरुवातीच्या अनेक गाड्यांना लाकडी फळी असे. तिच्यावर लिनोलियम ठोकून कडेने पितळेची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी मारत. फोर्ड मॉडेल टीला पत्र्याचाच फूटबोर्ड होता आणि घसरू नये म्हणून पत्र्यावरच उठावाची नक्षी दाबलेली होती, तीत फोर्डचं नावही असे. हौसेने रबर चिकटवलेल्या मॉडेल टी बघितल्या की मला वाईट वाटतं, कारण त्या रबराखाली कंपनीची सही झाकली जाते. मॉडेल टीनंतरच्या मॉडेल एला (१९२८ ते १९३१) पत्र्यावर रबराची चटई चिकटवून कडेला धातूची पट्टी होती. चौथा प्रकार तीसच्या दशकातला. यात कच्चं रबर आणि पत्रा एकत्र साच्यात घालून, तापवून, एकजीव केलेले असतात. ओळखायला सोपं आहे. कडेला पट्टी दिसत नाही, रबर कडेवरून वळून खाली गेलेलं असतं आणि पत्र्याच्या मागच्या बाजूलाही त्याचे ओघळ सापडतात. दुरुस्तीला सर्वांत चिवट प्रकार हाच.

आता रबर का मरतं ते बघू. झाडाच्या चिकापासून मिळणारं रबर म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या फार लांब साखळ्या. नुसत्या साखळ्या उन्हात मऊ पडतात आणि थंडीत कडक होतात. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला आढळलं की गंधक मिसळून रबर तापवलं की ते दोन्ही ऋतूंत लवचीक राहतं. साखळ्यांमध्ये गंधकाचे आडवे पूल बांधले जातात, म्हणून ताणलं तरी रबर पुन्हा मूळ आकाराला येतं. पण गंधक घातल्यावरही साखळीतले बरेचसे दुहेरी बंध शिल्लक राहतात आणि हवेतला ओझोन नेमका त्यांच्यावर तुटून पडतो. त्याची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. सैल पडलेल्या रबराला तो फारसं काही करत नाही. ताणलेल्या रबराला चिरा पाडतो, आणि चिरा ताणाच्या दिशेला काटकोनात पडतात. फूटबोर्डाची बाहेरची कड बघा. रबर जिथे वळून खाली जातं तिथे ते कायम ताणात असतं, आणि बारीक समांतर भेगांची पहिली रांग तिथेच उमटते.

ऊन आणि उष्णता वेगळ्या रीतीने काम करतात. हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने साखळ्यांमध्ये नको तितके पूल बांधले जातात आणि रबर लाकडासारखं टणक होतं. काळ्या रबरात काजळी असते. ती रबर मजबूत करते आणि उन्हातली अतिनील किरणंही शोषून घेते, म्हणून काळी चटई टिकते. तपकिरी, राखाडी किंवा बदामी रंगाच्या चटईत काजळीऐवजी पांढरी भुकटी आणि रंग असतो, त्यामुळे ती लवकर तडकते. एखाद्या गाडीला रंगीत चटई मुळातच असेल तर ती तशीच करून घ्यावी, पण मग गाडी सावलीत ठेवायची जबाबदारी वाढते.

तिसरा शत्रू आपण स्वतः गॅरेजात नेऊन लावतो. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या तळाला जळकं ऑइल आणि डिझेल फवारायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. चासीच्या लोखंडाला त्याने थोडा आडोसा मिळतो हे खरं. पण नैसर्गिक रबर खनिज तेल पितं, फुगतं, मऊ पडतं आणि चिकटद्रव्याची पकडही सोडतं. फवारा मारताना फूटबोर्डाच्या कडा प्लॅस्टिकने झाकायला सांगणं एवढंच करायचं असतं. तसंच चमक आणणाऱ्या सिलिकॉनच्या बाटल्यांचं. त्याने रबर चकाकतं आणि निसरडं होतं. जिथे माणूस एका पायावर सगळा भार देऊन चढतो तिथे ते अजिबात लावू नये. रबराला साधा साबण आणि पाणी पुरतं.

आणि पाणी. रबर वरून पाणी अडवतं हे खरं, पण कडेने किंवा एखाद्या भेगेतून आत गेलेलं पाणी ते बाहेरही पडू देत नाही. रबर आणि पत्रा यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत पाणी ओढलं जातं आणि दिवसेंदिवस तिथेच राहतं. फटीच्या तोंडाशी हवा भरपूर, आत खोलवर कमी. प्राणवायूच्या या फरकामुळे फटीतलं लोखंड एका छोट्या विद्युतघटासारखं वागू लागतं, आणि जिथे प्राणवायू कमी तिथलंच लोखंड झिजतं. म्हणजे गंज आपल्याला न दिसणाऱ्या ठिकाणी, सर्वांत आत, जास्त वेगाने चढतो. खाडीकडून येणारा खारेपणा त्या पाण्याची विद्युतवाहकता वाढवतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीलगतच्या हवेचं तर सांगायलाच नको. २०१४ मध्ये तिथे हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आणि २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ताही बघितला. असल्या हवेतली रसायनं पाण्यात उतरली की पत्र्याचं आयुष्य आणखी घटतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक, कधी कित्येक पट जागा व्यापतो. अंगठ्याखाली लागणारा फुगवटा म्हणजे वर यायला जागा शोधणारा गंज.

गाडीवर घट्ट आवरण घालून ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये जून ते सप्टेंबर ठेवून देणारे मालक हा त्रास नकळत वाढवतात. प्लॅस्टिकच्या आवरणाखाली दमट हवा कोंडते, पहाटे पत्रा गार पडला की त्यावर दव धरतं आणि ओघळून बरोबर फूटबोर्डावर येतं. कापडी, हवा खेळू देणारं आवरण घ्यावं, किंवा वरून छप्पर असेल तर आवरण न घातलेलंच बरं.

जुनं रबर काढायला घाई करू नये. फाटकं, कडक, अर्धवट सुटलेलं असलं तरी नक्षीचा एकमेव खात्रीचा पुरावा तेच असतं. आधी बटर पेपर पसरून बाहेरची कड पेन्सिलीने उतरवून घ्यावी, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची वेगवेगळी. दोन्ही फूटबोर्ड एकमेकांचे आरसे असतील असं धरून चालू नये, कारण अनेक गाड्यांत एका बाजूला सुट्या चाकाची किंवा पेटीची खाच असते. मग उठाव मोजावेत. किती रेघा आहेत, दोन रेघांमध्ये किती अंतर, रेघेची उंची किती, माथा गोल की सपाट. हे फूटपट्टीने होत नाही, व्हर्नियर लागतो. आणि मोजमाप घ्यायचं ते दाराच्या खालचा भाग सोडून. तिथे पायांनी रेघा झिजवलेल्या असतात. मूळ उंची सापडते ती दोन टोकांना, मडगार्डच्या कुशीत, जिथे कोणाचा पाय कधी पडत नाही. तिथला वीतभर तुकडा अखंड निघाला तर साचा करणाऱ्याला त्याहून मोलाचं काही देता येत नाही.

फूटबोर्ड गाडीवरून उतरवूनच काम करावं. बोल्ट गंजलेले असतात, त्यांना आदल्या रात्री गंजतेल पाजून ठेवावं, जोर करून ब्रॅकेट वाकवू नये. चिकटवलेली चटई हीट गनने हळूहळू ऊब देऊन रुंद पटाशीने सुटते. एकजीव केलेलं रबर असं सुटत नाही, ते खरवडून काढावं लागतं आणि दोन-तीन दिवस जातात. ज्योतीने जाळून टाकायचा मोह काहींना होतो. तो टाळावा. गंधकयुक्त रबराचा धूर छातीला फार वाईट, आणि असमान तापलेला लांब पत्रा पिळवटला की पुन्हा सरळ होणं कठीण. वाळूचा जोरदार मारा करूनही हा पत्रा लाटांसारखा होतो. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि फॉस्फरिक आम्लाचं गंजनाशक या संथ वाटेने गेलेलं चांगलं.

पत्रा स्वच्छ झाला की खरी परिस्थिती दिसते. भोकं पडलेली असतील तर तेवढा भाग कापून नव्या पत्र्याचा तुकडा सीओटू वेल्डिंगने जोडावा, सलग ओढ न देता थोड्या थोड्या अंतरावर टाके घालत. इथे पुट्टी चालत नाही हे पत्रेवाल्याला स्पष्ट सांगावं. दारावरची पुट्टी कोणाच्या पायाखाली येत नाही, फूटबोर्डावरची रोज येते. तिला तडा गेला की पाण्याला पुन्हा घर मिळतं. रेड ऑक्साइडची जुनी सवय सोडून इपॉक्सी प्रायमर वापरावा, कारण नंतर लावायच्या चिकटद्रव्यातली द्रावणं हलक्या प्रायमरला विरघळवतात. खालच्या बाजूलाही तेवढीच मेहनत घ्यावी. आणि मूळ पत्र्यात पाणी निघून जायची जी छिद्रं असतील ती शोधून मोकळी करावीत. पूर्वीच्या दुरुस्त्यांमध्ये ती रंगाने आणि पुट्टीने बुजलेली हमखास सापडतात.

आता नवं रबर. फोर्डच्या गाजलेल्या मॉडेलांसाठी आणि बीटलसाठी तयार चटया परदेशात बनतात आणि मागवता येतात. ते परवडत असेल आणि आपली गाडी त्या यादीत असेल तर प्रश्न मिटला. यादीत नसेल तर बहुतेक लोक मुंबईतली नागदेवी स्ट्रीट गाठतात. तिथे रेघांच्या रबरशीटचे रोल मिळतात, तसंच वीजफलकांसमोर अंथरायची चटईही मिळते. या वीजचटईला आयएस १५६५२ हे भारतीय मानक आहे आणि ती २, २.५, ३ मिलिमीटर अशा जाडीत येते. तिचं काम विजेपासून पाय वाचवण्याचं. फूटबोर्डावर ती बसते, पण तिच्या बारीक रेघा जुन्या गाडीच्या ठसठशीत रेघांशेजारी परक्या वाटतात. गाडी रोज वापरायची नसेल, प्रदर्शनात न्यायची नसेल आणि पत्र्याला तात्पुरतं झाकायचं असेल, तर हरकत नाही.

माझ्या मते आपल्या पट्ट्यातल्या माणसाने साचा करून घ्यायची वाट आधी धुंडाळावी, कारण ती कला हाकेच्या अंतरावर आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, म्हणजे एमआयडीसीचा, जन्मच १ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोटेखानी समारंभात झाला. वागळे इस्टेट काय किंवा डोंबिवलीची एमआयडीसी काय, अशा वसाहतींमधली रबर मोल्डिंगची छोटी युनिटं यंत्रांची बुशं, सील, गॅस्केट घडवण्यात मुरलेली असतात. फूटबोर्डाची चटई त्यांच्यासाठी नवीन असते, अवघड नसते. जुना तुकडा टेबलावर ठेवला की तिथला अनुभवी माणूस आधी तो वाकवतो, नखाने दाबतो, कडेला कापून आतला रंग बघतो आणि मगच बोलायला लागतो. त्याच्याशी बोलण्यापूर्वी काही गोष्टी आपल्याला ठाऊक हव्यात.

पहिली अडचण लांबीची. फूटबोर्ड चार-पाच फूट लांब असतो आणि छोट्या युनिटच्या प्रेसची पाटं त्याच्या निम्मीही नसतात. रेघा लांबीच्या दिशेने असतील तर एक सुटसुटीत उपाय आहे. कच्चं रबर योग्य आकाराच्या डायमधून सलग पट्टीसारखं बाहेर काढायचं आणि मग वाफेच्या बंद टाकीत पिकवायचं. लांबीला मर्यादा राहत नाही. चौकटी, मनोरे किंवा हिऱ्यांची नक्षी असेल तर प्रेस लागतेच. मग मोठी प्रेस असलेलं युनिट शोधावं, किंवा चटई दोन भागांत करून जोड अशा ठिकाणी घ्यावा जिथे दोन दारांमधला खांब येतो आणि नजर कमी जाते.

दुसरी गोष्ट आकसण्याची. प्रेसमध्ये दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमानाला काही मिनिटांत रबर पिकतं, पण बाहेर येऊन गार झालं की साधारण दीड ते दोन टक्के आकसतं. बाराशे मिलिमीटर लांबीवर दोन टक्के म्हणजे चोवीस मिलिमीटर, जवळपास एक इंच. साचा जुन्या चटईच्या मापाचाच कापला तर नवी चटई इंचभर तोकडी पडणार. साचेकार हे जाणतो, मात्र आपण दिलेला नमुनासुद्धा ऐंशी-नव्वद वर्षांत वाळून आखडलेला असू शकतो. म्हणून अंतिम माप द्यायचं ते पत्र्यावरून घेतलेलं. जुनी चटई द्यायची फक्त नक्षीसाठी.

तिसरी गोष्ट रबराच्या जातीची. नैसर्गिक रबर किंवा एसबीआर स्वस्त पडतं आणि सहज चिकटतं, पण ओझोनपुढे दुबळं. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, म्हणून ओझोन आणि ऊन दोन्ही ते उत्तम सोसतं. पण तेलापुढे त्याचा टिकाव लागत नाही, आणि ते चिकटवणं जिकिरीचं. निओप्रिन महाग, तरी हवा आणि तेल दोन्हींना बऱ्यापैकी तोंड देतं, आणि बाजारातली बरीचशी रबर सोल्युशनं निओप्रिनवरच आधारलेली असल्याने पकडही छान येते. परवडत असेल तर मी निओप्रिन सांगेन. कडकपणा शोअर ए मापावर साठ ते सत्तरच्या दरम्यान असावा. त्याहून मऊ रबर टाचेने दबतं, त्याहून कडक रबर कडेला वळत नाही.

खर्चाचा मोठा वाटा साच्यात जातो, रबरात नाही. त्यामुळे एकाच मॉडेलच्या तीन-चार मालकांनी मिळून साचा केला तर प्रत्येकाला तो झेपतो. ठाण्यातला एक, पुण्यातला एक, नाशिकचा एक अशी जुळणी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत सहज होते.

चिकटवायचं काम पावसाळ्यात करू नये. या एका बाबतीत मला तडजोड मान्य नाही. रबर सोल्युशन किंवा फेव्हिकॉल एसआर यांसारखी चिकटद्रव्यं दोन्ही पृष्ठभागांवर लावून, द्रावण उडून जाईपर्यंत थांबून, मग दाबायची असतात. द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो. हवा दमट असेल तर त्या गार थरावर डोळ्यांना न दिसणारं बाष्प बसतं आणि पकड कच्ची राहते. जुलैत चिकटवलेली चटई ऑक्टोबरच्या उन्हात उचलली जाते ती यामुळे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला कोरडा दिवस निवडावा, दुपारची वेळ घ्यावी, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात आणि आसपास बिडी, उदबत्ती, स्टोव्ह काहीही पेटलेलं नसावं.

नवी चटई साच्यातून येते तेव्हा तिच्या पाठीवर साचा सुटण्यासाठी मारलेल्या द्रव्याचा किंवा शंखजिऱ्याचा थर असतो. तो पुसून, पाठ पॉलिश पेपरने घासून खरखरीत करावी. त्याआधी एक-दोन दिवस चटई सपाट पसरून ठेवावी म्हणजे गुंडाळीचा वाक निघून जातो. लावताना दोन माणसं हवीत. मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे हातरोलर फिरवत जायचं, हवेचा फुगा मागे ठेवायचा नाही, आणि सर्वांत महत्त्वाचं, चटई ओढायची नाही. चार मिलिमीटर कमी पडतायत म्हणून ताणून कडेपर्यंत आणलेलं रबर पहिल्या दिवशी देखणं दिसतं. पण ताणलेलं रबर ओझोनला आवडतं हे वर आलंच आहे. दोन उन्हाळ्यांत त्या कडेला चिरा पडतात.

कडेला धातूची पट्टी असेल तर तिचे स्क्रू बसवताना प्रत्येक भोकात थोडं सीलंट भरावं, नाहीतर प्रत्येक स्क्रू पाण्याची नवी वाट होतो. बॉडीकडची, म्हणजे आतली, कड पूर्ण बंद करावी, कारण दारावरून ओघळणारं पाणी तिथे येतं. बाहेरची कड मात्र मी सगळीकडे बंद करत नाही. कुठून तरी पाणी शिरणारच, त्याला उतारावर बाहेर पडायला जागा हवी.

मुळातली चटई काढावीच का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा १९६६ पासून काम करते आहे, आणि जितकं मूळचं वाचवता येईल तितकं वाचवावं यावर तिचा भर आहे. मला तो पटतो. रेघा झिजल्या आहेत पण रबर पत्र्याला घट्ट धरून आहे, अशी चटई मी हलवणार नाही. दाराखालची ती झीज त्या गाडीत चढलेल्या माणसांनी केलेली आहे, आणि नव्या साच्यातून ती काढता येत नाही. काढायची ती फुगलेली, सुटलेली, पत्रा खाऊ लागलेली. कायद्याची अडचण येत नाही. २०२१ मध्ये केंद्राने जुन्या वाहनांसाठी नियम केले, त्यानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या आणि व्यावसायिक वापरात नसलेल्या दुचाकी-चारचाकींची व्हीए अक्षरांच्या पाटीसह वेगळी नोंदणी होते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. फूटबोर्डाचा पत्रा दुरुस्त करून त्यावर मूळ नक्षीचं रबर लावणं ही देखभाल आहे. तरी कामाआधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह ठेवावेत. ठाण्यात एमएच-०४ असो की कल्याणात एमएच-०५, तपासणीच्या वेळी तोंडी सांगण्यापेक्षा फोटो जास्त उपयोगी पडतो.

साचा कोणाच्या मालकीचा हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्यावं. पैसे आपण भरलेले असतात, साचा राहतो युनिटमध्ये, आणि युनिट बंद पडलं किंवा जागा बदलली की तो भंगारात वजनावर जातो. साच्यावर गाडीचं नाव, मॉडेल आणि वर्ष पंचाने ठोकून घ्यावं. त्याच खेपेत एक जास्तीची जोडी काढून घ्यावी, कारण दहा वर्षांनी त्याच रबराची तीच घडण मिळेलच असं नाही. ती जोडी न गुंडाळता, सपाट, शंखजिरं भुरभुरून, अंधाऱ्या जागी ठेवायची. विजेच्या मोटारीजवळ किंवा इन्व्हर्टरच्या खोलीत नको, कारण ठिणग्या उडणाऱ्या यंत्रांपाशी ओझोन तयार होतो. आणि उतरवलेली जुनी चटई तिच्याच शेजारी, गाडीच्या नंबराची चिठ्ठी बांधून.